पान्सितच्या खुब्यातला म्हातारा

आधी टाळ्या. मग शिट्ट्या. मग रडणं.

बास्केटबॉलच्या मैदानावरच्या पत्र्याखाली अर्धं गाव जमलं होतं आणि मधोमध दहा महिन्यांचा पिवळा कुत्रा, पान्सित, चक्क धावत होता. दोन तासांपूर्वी त्याला दोघांनी उचलून आणलं होतं.

"तातंग, देवमाणूस आहात तुम्ही!" भाताच्या वड्या विकणारी आलिंग लिगाया रडत होती, मेलचोर वैदूचा हात कपाळाला लावून. आमच्याकडे तातंग म्हणजे बाबा, आलिंग म्हणजे मावशी, कुया म्हणजे दादा. नवरा गेलेला, मुलगा जहाजावर. घरात बोलायला हे कुत्रं, एवढा एकच जीव.

मधल्या दोन तासांत काय घडलं ते सांगतो. शब्द मेलचोरचे. कंसात मी.

"वितळलेलं मेण पाण्यात सोडलं. बघा, दाढी दिसते की नाही?" (मेणाचा गोळा दिसतो.) "हा वारुळातला म्हातारा! नूनो!" (आमच्याकडे वारुळाजवळून जाताना 'येतो हं, बाबा' म्हणायची रीत आहे.) "हे पोरगं सांतोलच्या झाडाखाली त्याच्या घरावर मुतलं. न विचारता!" (कुत्र्याने कसं विचारायचं, ते कुणी विचारलं नाही.) "म्हाताऱ्याने चिडून याच्या खुब्यांना गाठ मारली." (दोन्ही खुब्यांना. मोजून.) "आता खोबरेल, लॅटिन मंत्र आणि हा मंतरलेला भाताचा गोळा." (त्या लॅटिनमधला एकच शब्द मला कळला. ते एका साबणाचं नाव होतं.)

मग ते धावणं. मग मेलचोरचा हुकूम:

"रोज एक गोळा. आणि फरशी अशी घासायची की म्हाताऱ्याला तिच्यात स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे. घाबरून पळेल!"

आमच्या बायकांना हे सांगायला नको. लाल मेण लावायचं, नारळाचं अर्धं सोडण पायाखाली धरायचं आणि कंबर हलवत घासायचं. फरशी चमकली नाही तर शेजारीण आठवडाभर बोलते. लिगाया सकाळ-संध्याकाळ घासू लागली. त्या आरशावर पान्सित उड्या मारायचा, मागचे पाय दोन दिशांना फाकायचे, पोटावर आपटायचा, उठून पुन्हा धावायचा. दुखतच नव्हतं त्याला.

तीन आठवडे.

तो बादलीभर पाणी पिऊन घरभर मुतायला लागला. मेलचोर म्हणाला, "म्हातारा पाण्यावाटे निघतोय." तो दिसेल ते खायला लागला, पिंपासारखा फुगला. मेलचोर म्हणाला, "आत दोघं आहेत, भूक दोघांची." काहीही झालं तरी मेलचोरचंच खरं. असा धंदा मला जमला असता तर मी कोंबड्यांचं खाद्य विकत बसलो नसतो.

मग रेबीजच्या लसीचा दिवस आला. त्याच पत्र्याखाली कुत्र्यांची रांग. जनावरांच्या डॉक्टर पेर्ला सुई भरत होत्या. पान्सितला लिगायाने हातगाडीवर घालून आणलं. तो उठतच नव्हता.

"शी कशी होते?"

"कालपासून डांबरासारखी काळी, डॉक्टर. तातंग म्हणाले, म्हातारा जळतोय."

"म्हातारा नाही जळत, आलिंग. पोटातून रक्त जातंय. काय देता याला?"

लिगायाने झग्याच्या खिशातून केळीच्या पानातला गोळा काढला. डॉक्टरांनी तो कात्रीने उभा कापला. आत अर्धी गुलाबी गोळी.

"कुया एमोंग, ही ओळखता?" त्यांनी मला विचारलं.

ओळखली. झुंजीच्या कोंबड्यांच्या पायांची सूज उतरवायला मीच ती विकतो. मेलचोर दर महिन्याला पाकीट नेतो. त्याच्याकडे एकही कोंबडा नाही. मी कधी विचारलं नाही. (इथे कंसातही मीच आहे. लाज वाटते.)

सगळ्यांनी माना वळवल्या. कारण मेलचोर तिथेच होता. रांगेत सातवा. कडेवर स्वतःचं कुत्रं, लस टोचून घ्यायला.

"तातंग, हे काय?" लिगायाचा आवाज फाटला.

"म्हाताऱ्याचं हाड असेल. भातात उमटलं."

"हाडावर कंपनीचा शिक्काही उमटलाय," डॉक्टर म्हणाल्या.

"तुमची भक्ती कमी..."

"तुमचं कुत्रं रांगेत कशाला मग? त्याला मेण दाखवा की!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. तीन आठवड्यांपूर्वी रडलेलेच.

डॉक्टरांनी मूठ तळहातात ठेवली. "खुबा म्हणजे वाटीत बसलेला चेंडू. याची वाटी उथळ आहे, आईबापाकडूनच आलंय ते. चेंडू हलतो, घासतो, दुखतं. दुखतं म्हणून कुत्रा कमी पळतो. दुखणं त्याला आवरून धरत होतं. यांनी दुखणं झाकलं, वर गुळगुळीत फरशीवर पळवलं. तहान, भूक, मूत, रक्त: सगळं या स्टेरॉइडच्या गोळीचं."

"म्हणजे मीच माझ्या हाताने..."

"भरवलंत तुम्ही. गोळी त्याने लपवली. आता रडू नका, गाडीत बसा. गोळी एकदम बंदही करायची नाही, अंगाला तिची सवय झालीय; मी सांगेन तशी कमी करायची. आधी रक्त थांबवू."

मेलचोर कुत्र्याला लस न टोचताच सटकला. आता तळ्यापलीकडच्या गावात मेण ओततो, तिथेही दाढ्या दिसतात म्हणे.

एक्स-रेमध्ये म्हातारा सापडला नाही. दोन उथळ वाट्या सापडल्या. लिगायाच्या चकचकीत फरशीवर आता माझ्या दुकानातली गोणपाटं आहेत. शेजारणी नाकं मुरडतात, मुरडू देत. पान्सितला मोजून जेवण, दोरी लावून थोडं चालणं, आणि तळ्यात पोहणं, कारण पाण्यात खुब्यावर भार येत नाही. वर्षभरात शस्त्रक्रिया लागेल की नाही, ते डॉक्टर बघतील. चार महिने झाले. तो लंगडतो. पण तळ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी जातो आणि दुखलं की मधेच बसतो. लिगायाही शेजारी बसते. घाई करत नाही.

परवा एकाने मला विचारलं, "एवढंच? चार महिन्यांत?"

हो, एवढंच. खरं औषध हळू चालतं, आपलं नाव सांगतं आणि काय जमणार नाही तेही सांगतं. दोन तासांत पळवणारं काही कुणी पुढे केलं तर हात जोडण्याआधी कापून बघा. आत काय आहे ते कळेपर्यंत स्वतःचं तोंड उघडू नका. मुक्या जनावराचं तर नाहीच नाही.