त्सोनाची लगीनघाई

मित्रांनो, बल्गेरियातल्या एका डोंगरगावात, अक्रोडाच्या एका ओंडक्यातून कोरलेली जुनी काठवट मी. तुर्की सुलतानाच्या अमलात त्सोना नावाच्या विधवेने माझ्यात वर्षानुवर्षे पीठ मळले. तिची मुलगी एलित्सा माझ्याच काठाला धरून उभी राहायला शिकली.

एका वसंतात गावातल्या पुरुषांनी उठावाची शपथ घेतली. रानात जाणाऱ्यांना शिदोरी हवी. घरोघरचे पीठ गुपचूप आमच्याकडे येऊ लागले. मायलेकी पाव भाजत, कापत आणि पुन्हा भट्टीत सुकवत. तो वास लपेना. एका दुपारी सुलतानाचा शिपाई दारात घोडा थांबवून ओरडला, “काय गं त्सोने, एवढा पाव? फौजेला जेवू घालतेस की काय?”

त्सोना पीठ मळतच राहिली. “पोरीचं लग्न काढलंय, आगा. रविवारी या. पहिला मान तुमचा.”

“नवरा कोण?”

एलित्साने मान वर केली. “सोतिर. लोहाराचा.”

शिपाई हसत गेला. त्सोनाने दार लावून घेतले. “अगं, सोतिरला विचारलंस तरी का?”

“तो कशाला नाही म्हणतोय? घरात विहीर असून रोज आपल्या दारात पाणी प्यायला येतो!”

सोतिर खरोखरच नाही म्हणाला नाही. ईस्टर नुकताच सरला होता, उपासाचे दिवस संपून लग्नांना मोकळीक होती. रविवारी लग्न लागले. शिपाई पोटभर जेवला, दारू प्याला. नवरीची गाडी रानाकडच्या लोहाराच्या घरी निघाली, तेव्हा घोंगड्यांखाली सुक्या पावांची पोती होती आणि वर मी. “बाजूला व्हा, नवरी जातेय!” असे ओरडत त्या शिपायानेच आमची वाट मोकळी केली. एलित्सा खाली मान घालून लाजत होती. तिने माझा काठ किती घट्ट धरला आहे, हे फक्त मला कळत होते. एवढे धैर्य एवढ्याशा देहात मावते कसे, याचे नवल मला अजून वाटते.

ठरल्या दिवसाआधीच उठाव पेटला आणि चिरडला गेला. गाव जळाले. खिंडीत लढायला गेलेला सोतिर परतला नाही. रानात लपलेल्या बायामुलांना एलित्साने तेच पाव माझ्यात पाण्यात भिजवून भरवले. स्वतः मात्र शेवटी खाई.

दोन वर्षांनी स्वातंत्र्य आले. लोक रस्त्यावर नाचले. एलित्साने माझ्यात पीठ ओतले आणि दोन्ही मुठी त्यात रोवून ती पहिल्यांदा मोठ्याने रडली.

आता चौकात सोतिरचा दगडी पुतळा आहे. मी एका खानावळीच्या भिंतीपाशी पडून आहे. माझ्यात सुकी फुले ठेवतात. मला तडा गेला आहे, वाळवी लागू पाहते आहे. मित्रांनो, मला जपायचे असेल तर ती फुले काढा, लाकडाला तेल पाजा आणि माझ्यात एकदा पीठ मळा. मळताना एलित्साचे नाव घ्या. ते कुठल्याच दगडावर कोरलेले नाही.