खुरपीची सवत

मित्रांनो, मी एक जुनी खुरपी आहे. जुनी म्हणजे गंजलेली नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. दुसरंही सांगूनच टाकते, कारण लपवून उपयोग नाही. मी एका जांभळ्या रानफुलावर जळते. आजही जळते.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीतला. मोडक्या ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून त्याने मला घडवलं, लालभडक असताना पाण्यात बुडवलं आणि लाकडी मूठ बसवून दुकानाच्या दाराशी टांगलं. तिथून मला उचललं ते नर्सबाईंनी. त्यांनी मूठ हातात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "ही बसली हातात." एवढ्या एका वाक्यावर मी किती वर्षं काढली!

त्यांच्या घरामागे लहानशी बाग होती. दवाखान्यातून आल्या की तोंडावर पाणी मारून त्या सरळ माझ्याकडे यायच्या. लव्हाळा असो की काटेरी झुडूप, माझ्यापुढे टिकायची कोणाची टाप नव्हती. काम झालं की त्या मला धुऊन पुसायच्या, तेलाचं बोट फिरवायच्या आणि खिळ्याला अडकवायच्या. शेजारच्या शिंपीणकाकू म्हणायच्या, "बाई, तुमच्या बागेत तण औषधालासुद्धा सापडायचं नाही." मी नुसती फुगून जायचे.

निवृत्त झाल्यावर नर्सबाईंनी भोपळ्याचा वेल लावला आणि तिथून माझं नशीब फिरलं. वेलाला फुलं भरपूर यायची, पण इवलासा भोपळा धरला की पिवळा पडून गळायचा. बागेत मधमाशीच फिरकत नव्हती. मग रोज सकाळी नर्सबाई नरफूल तोडून मादीफुलावर फिरवायच्या. त्यांचे गुडघे दुखायचे. वाकताना "आई गं" म्हणायच्या आणि उठताना कुंपणाचा आधार घ्यायच्या. असं फार दिवस चालणार नव्हतं, हे मलाही कळत होतं.

एकदा त्या मागच्या टेकडीवरून रुमालाच्या गाठीत कसल्याशा रानफुलाचं बी घेऊन आल्या. पहिल्या वर्षी त्याने नुसती पानं काढली. शेजारी उगवलेलं तण आणि हे रोप अगदी जुळ्या बहिणींसारखी दिसायची. मी तर दोघांनाही एकाच फटक्यात काढलं असतं! पण नर्सबाईंनी देठ बोटांत फिरवून शिंपीणकाकूंना दाखवला. "हे बघा, तणाचा देठ गोल असतो, बोटांत गरगर फिरतो. याचा चौकोनी आहे, कडा लागतात. आणि पान चुरडलं की ओव्यासारखा वास येतो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इथे खुरपी लावायची नाही. मुळं दुखावतील."

मला बंदी! माझ्याच बागेत! त्या रोपाभोवतीचं गवत त्या चक्क बोटांनी काढू लागल्या.

दुसऱ्या वर्षी ते जांभळं फुललं आणि मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं, सगळी वरातच दारात आली. तिथून उडाली की भोपळ्याच्या फुलांत शिरायची. वेलाला भोपळे धरले. नर्सबाईंचं सकाळचं वाकणं थांबलं. त्या फुलाशेजारी स्टूल टाकून चहा पिऊ लागल्या, आणि इकडे माझ्या मुठीवर कोळ्याने जाळं विणलं.

उन्हाळ्यात ते रोप वरून पार वाळून जायचं. मला वाटायचं, चला, सुटले. पण नर्सबाई त्या रिकाम्या मातीला झारीने पाणी घालायच्या. "झोपलंय ते," म्हणायच्या. "दरवर्षी झोपतं, दरवर्षी उठतं." झोपेतसुद्धा लाड! मी टक्क जागी, पण माझ्याकडे कोणी बघेल तर शपथ.

मग गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नर्सबाई दवाखान्यात गेल्या. घर सांभाळायला त्यांचा धाकटा भाऊ आला. तो बस चालवायचा, त्यामुळे सगळ्या कामाची घाई. नर्सबाईंनी जाताना बजावलं होतं, "गोल देठाचं उपट, चौकोनी देठाचं ठेव." पण दिवस उन्हाळ्याचे. भावाने पाहिलं, तर जमिनीवर नुसते वाळके खुंट, तेही हात लावताच चुरणारे. "देठच नाही, तर गोल काय आणि चौकोनी काय!" असं म्हणत त्याने मला खिळ्यावरून काढलं.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी त्या मुळांत कचाकच घुसले. गड्ड्याचे तुकडे झाले आणि भावाने ते कचऱ्याच्या ढिगावर फेकले.

नर्सबाई काठी टेकत घरी आल्या, त्या थेट बागेत. रिकामा वाफा पाहून त्यांचा चेहरा उतरला. "अरे, काय केलंस हे? आता माश्या यायच्या कशाला? मला पुन्हा वाकता येणार आहे का?" भावाने कचऱ्याच्या ढिगाकडे बोट दाखवलं. नर्सबाईंनी ढिगातला एक तुकडा उचलला आणि मुळावर नख मारलं. आत पांढरं, ओलं होतं. प्रत्येक तुकडा त्यांनी तसाच तपासला, पेशंटची नाडी बघावी तसा. आणि एकदम हसू लागल्या.

"आई-बाबांच्या घराची वाटणी कधी मागितली नाहीस, आणि माझ्या झाडाची मात्र केलीस! खड्डे खण आता."

माझ्याकडूनच खड्डे खणून घेतले. पाणी मिळताच एकूण एक तुकडा फुटला. एका सवतीच्या जागी आता अख्खी रांग उभी राहिली!

"गड्डा जुना झाला की फोडायलाच हवा होता," नर्सबाई म्हणाल्या, "माझाच जीव होत नव्हता." तेव्हापासून शिंपीणकाकूंना, दूधवाल्याला, ज्याला हवं त्याला त्या गड्डा फोडून देतात. स्टुलावर बसून, माझ्याच धारेने.

तेव्हा मित्रांनो, रानफुलं जरूर लावा, पण खुरपी ओली टाकून जाऊ नका. तिला पुसा, तेल लावा. तिलाही मन असतं, आणि ते फार चांगलं असतंच असं नाही. नर्सबाईंचा हात आता पुन्हा माझ्या मुठीवर असतो. पण तो त्या मेल्या फुलामुळे परत आला, हेच मला सगळ्यात जास्त झोंबतं.