मागच्या फळीची चाकं

ड्रिल होडीच्या मागच्या फळीच्या आरपार गेलं आणि फायबरची पांढरी भुकटी आनंदीताईंच्या चष्म्यावर उडाली. पार्किंगमध्ये दोन स्टुलांवर त्यांची छोटी डिंगी पालथी ठेवलेली होती. वरच्या गॅलरीतून त्यांच्या नवऱ्याने, दिगंबररावांनी विचारलं, की भोकं पाडून होडी बुडवायचीच होती, तर धरण इतकं लांब कशाला?

आनंदीताईंनी चष्मा पुसला आणि दुसऱ्या भोकाच्या खुणेवर ड्रिल टेकवलं.

गेली कित्येक वर्षं दर रविवारी दोघं खडकवासल्याच्या पाण्यात शिडाची ही डिंगी घालत. दिगंबररावांच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि ते यायचे थांबले. आनंदीताई एकट्या जाऊ लागल्या, पण उतारावरून होडी लोटायला तिथल्या नौका क्लबचा मदतनीस योगेश पुढे येईना. हाक मारली की तो कुठेतरी कामात असायचा. शेवटी त्यांनी त्याला गाठलं, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "काकांनीच सांगितलंय. हात लावू नकोस, म्हणजे आपोआप बंद होईल."

घरी त्या भांडल्या नाहीत. दिगंबरराव समोर बसून नको म्हणाले असते, तर त्या वाद घालून मोकळ्या झाल्या असत्या. हे परस्पर ठरवणं मात्र त्यांना गिळवेना. वेल्डिंगवाल्यानेही माप समजवायला साहेबांना पाठवा म्हटलं, तेव्हा त्यांनी त्याच्याच फरशीवर खडूने आकृती काढली आणि चाकं बसवायच्या लोखंडी पट्ट्या तयार होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

रविवारी दिगंबरराव न बोलावता गाडीत येऊन बसले.

मागच्या फळीला आता हातगाडीची दोन जाड चाकं होती. आनंदीताईंनी होडीचं नाक उचललं आणि ती उतारावरून मागे मागे पाण्यात नेली. मग खिटी काढून चाकं वर दुमडली आणि शीड ओढलं. काठावरचे चार लोक बघत राहिले.

परतल्यावर त्यांनी चाकं खाली पाडली. काठावरच्या बाभळीला आणि होडीच्या नाकाला कप्प्या अडकवून दोर ओढायला घेतला. चिखलातून होडी वीतवीत वर येऊ लागली. धाप लागली की त्या दोराला पायाखाली धरून थांबत. न राहवून दिगंबरराव उठले आणि त्यांनी दोराचं टोक धरलं.

"सोडा."

"अगं, जरा—"

"तुमच्या पाठीसाठी सांगत नाहीये मी."

त्यांनी दोर सोडला. होडी कोरड्यावर येईपर्यंत ते बाजूला उभे राहिले.

"तुला काही झालं असतं तर?" ते हळूच म्हणाले.

"तर ही भीती मला सांगायची होती. योगेशला नाही."

आनंदीताईंनी बाभळीवरची कप्पी सोडवली. मग दिगंबररावांनी विचारलं, पुढच्या वेळी आत बसायला जागा होईल का.

"योगेशला विचारा," आनंदीताई म्हणाल्या आणि दोर गुंडाळू लागल्या.

 कमरेवर हात ठेवून, एक एक पाऊल टाकत, दिगंबरराव खरोखरच वर क्लबच्या शेडकडे, योगेशला गाठायला, चढ चढू लागले. आनंदीताईंचे हात थांबले. त्यांनी हाक मात्र मारली नाही.