माहेर नावाचा टॅग

“एरर कुठे आहे, देवेंद्रजी? बघा ना, सब ग्रीन है,” नव्यानंच लागलेल्या प्रोग्रामर शिवांगीनं स्क्रीन वळवली.

एरर नव्हतीच, तीच तर पंचाईत होती. देवेंद्र कानिटकरांनी चष्मा कपाळावर चढवून डोळे चोळले. रिटायरमेंटला एक आठवडा उरला आणि नेमकं आत्ताच हे झेंगट! कंटाळा आला होता बुवा.

फोनवर छत्रीबाग मोहल्ल्यातल्या इंदुमतीबाई होत्या, रिटायर्ड नर्स. “अहो भाऊ, लग्नाआधी मी प्रेमलता. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर तेच नाव आहे. दोघी एकच, हे आता तुमच्या कम्प्यूटरात दिसतच नाही म्हणे! माझी पेन्शन अटकली ना!”

“दुपारपर्यंत थांबा, ताई.”

कोड उघडताच त्यांनी डोक्याला हात लावला. वीस वर्षांपूर्वी त्यांनीच प्रत्येक बाईच्या नोंदीत लग्नाआधीच्या नावासाठी ‘माहेर’ नावाचा टॅग ठेवला होता, इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. प्रोग्राम फाइल वाचायचा आणि प्रत्येक टॅगमधला मजकूर ऑब्जेक्टमधल्या ज्याच्या त्याच्या फील्डमध्ये, म्हणजे ठरलेल्या खणात, नेऊन बसवायचा. फील्डच नसेल, तर टॅग गुपचूप सोडून द्यायचा. नोंद पुन्हा सेव्ह झाली की तो फाइलीतूनही गायब. ना बोंब, ना तक्रार.

“या टॅगचं फील्ड कुठे गेलं गं?”

“वो? मीच हटवलं. मला वाटलं, ‘माहिर’ लिहायचं होतं. मतलब, कोण कशात एक्सपर्ट. पेन्शनमध्ये ते कायको?”

“अगं, माहेर! तुझी आई माहेरी जात नाही का?”

“मम्मी मायके जाते ना,” शिवांगी म्हणाली आणि ओशाळली. “सॉरी, काका.”

रागवायचंही त्राण नव्हतं. पोरीचं तरी काय चुकलं? त्यांनी दोन ओळींत फील्ड परत जोडलं आणि मागच्या महिन्याच्या बॅकअपमधून चारशे बारा बायकांची नावं परत आणली. दोनच्या सुमारास त्यांनी छत्रीबागेत फोन लावला.

“सापडली प्रेमलता, ताई. पेन्शन ट्रस्टला कळवलंय.”

“किती वर्षांनी कुणी या नावानं हाक मारली हो,” बाई म्हणाल्या.

शिवांगी यादी तपासत होती. “काका, ही पहिली कोण? मंजिरी कानिटकर, माहेर यामिनी. नंबर झीरो. डमी आहे ना? उडवू?”

टॅग चालतो का बघायला त्यांनी तेव्हा बायकोचीच नोंद केली होती. ‘मंजिरी’ त्यांनीच ठेवलेलं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं होतं, तिला न विचारता. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली. यामिनी म्हणणारं तर तिच्याआधीच कुणी उरलं नव्हतं.

“राहू दे,” ते म्हणाले. “टेस्टिंगला लागते. मी गेल्यावरही हात लावू नकोस.”

शिवांगी चहा आणायला उठली. ती दाराबाहेर गेल्यावर देवेंद्रांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बायकोला कधीच न मारलेली हाक, स्क्रीनकडे बघत, एकदा मारून पाहिली.