मोतीराम महाराजांच्या शेवंतीचे आईबाप

जानेफळला मोतीराम महाराजांच्या मठात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. पिवळ्या शेवंतीची कुंडी तीन दिवस भगव्या कापडाखाली ठेवून, मंत्र फुंकून महाराजांनी ती जांभळी केली होती. पाकळीचं टोक तेवढं पांढरं. त्याच झाडाची दुसरी कुंडी पिवळीच ठेवली होती, लोकांच्या खात्रीसाठी. जांभळं फूल गुडघ्याला लावलं की दुखणं जातं म्हणे. मी दोनदा लावलं. गुडघे जागच्या जागी राहिले, दुखणंही.

भानगड अशी की तसलीच शेवंती माझ्या सुनेच्या वाफ्यात होती. प्रेरणा चार वर्षं एका फुलाचे पराग दुसऱ्यावर टेकवत होती, त्यातून हे एक झाड मनासारखं निघालं. नव्या जातीची तिच्या नावानं नोंद व्हायची होती. आता गाव म्हणू लागलं, हिनंच मठातून चोरलं.

"आत्याबाई, आपल्या वाफ्यातून कोणी फुटवा नेला का?" तिनं विचारलं.

"मले काय माहीत!" मी म्हटलं.

ती थेट मठात गेली. मीही मागं.

"उपटून फेक ते झाड," महाराज म्हणाले. "देवाचा माल आहे. शाप लागन."

"दोन्ही कुंड्यांचं एकेक पान द्या."

"काऊन?"

"तपासाले धाडाचं आहे."

"देवाची तपासणी करतं, पोरी?"

"देवाची नाही जी, पानाची."

लोक हसले, तेव्हा पानं द्यावीच लागली. सरपंच भागवतनं सगळ्यांदेखत पाकिटं चिकटवली. प्रेरणानं आपल्या झाडाची आणि त्याच्या आईबापांचीही पानं जोडली.

महिन्यानं डीएनएचा कागद आला. प्रेरणानं तो मठासमोरच वाचला.

"लेकरू अर्धं आईवर, अर्धं बापावर जातं. झाडाचंही तसंच, अन् ती खूण पानापानात असते. पिवळीची जांभळी झाली असती, तर आतली खूण पिवळीचीच राह्यली असती. इथं ती नाही. या कुंडीचे आईबाप माह्या वाफ्यात हायेत. अन् हे माह्या झाडाचं भावंडही नाही, तेच झाड आहे. फुटवा लावला, अन् कापडाखाली कुंडी बदलली."

"पण फुटवा आणला कोणं?" भागवतनं विचारलं.

महाराज आभाळाकडे पाहू लागले. मी उठले.

"म्या. वाफ्यातलं पहिलं देवाले द्याव, म्हणून उन्हाळ्यात मुळासकट नेऊन यांच्या पायाशी ठेवला. गुडघ्यासाठी. सुनेले चोर म्हटलं तरी तोंड उघडलं नाही."

प्रेरणा पुढं आली. माझ्या हातात कागद दिला आणि हात धरून पायरी उतरवली.

बायांनो, देवाला फूल खुशाल वाहा. पण कोणी चमत्कार म्हटलं, की आधी पान तपासा. पान खोटं बोलत नाही. मी बोलले होते.