भाड्याचे बेटकरी

मी एक जुनी लाकडी लाँच आहे, मित्रांनो, आणि माझं कौतुक करायला आला असाल तर जरा लांबच उभे राहा. कौतुकाने माझं जेवढं नुकसान केलं तेवढं वादळांनीही केलं नाही. वादळ येतं आणि जातं. कौतुक करणारा येतो, हातात मोबाईल घेऊन टेकतो आणि माझ्या अंगावर सरबत सांडून जातो.

मी कुवेतच्या दक्षिणेला, खैरानच्या धक्क्याला बांधलेली असते. धक्क्यासमोर वाळूत एक लांबट खड्डा खणून ठेवला आहे. तो माझ्यासाठी आहे. माझे मालक बू सालेम यांनी तो गेल्या उन्हाळ्यात खणून घेतला. या मोसमात सहली चालल्या तर मी पाण्यात राहायचं. नाही चालल्या तर मला वर ओढून त्या खड्ड्यात सिमेंटने बसवायचं, पोटाला दार पाडायचं, आत एसी लावायचा आणि लोकांना मासे खायला घालायचे. बू सालेमनी हे माझ्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, उभं राहून सांगितलं होतं.

"पब्लिक आएगा तो पानी में," ते म्हणाले, "नहीं आएगा तो सिमेंट में. खलास."

ज्यांना सांगितलं ते शैलेशराव. पुण्याहून आलेले, सहली विकणारे. म्हणजे माझा जीव यांच्या हातात होता. माझी काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा.

माझा जन्म मलबारच्या किनाऱ्यावर बेपूरला झाला. सागाच्या लांब फळ्या, फटींत तेलात भिजवून ठोकलेला कापूस आणि पाण्याखालच्या अंगाला चुना व चरबीचा लेप. वास असा, की आजचे माझे पाहुणे नाकाला रुमाल लावतील. आतून मी कोरडी ठणठणीत होते, कारण बाहेरून मला रोज ओलं ठेवत. बू सालेमचे आजोबा माझे नाखवा, म्हणजे कप्तान. सकाळी आणि सूर्य कलल्यावर ते माझ्या वरच्या फळ्यांवर समुद्राचं पाणी मारून घेत. लाकूड उन्हात आकसतं आणि फटी उघडतात. खाऱ्या पाण्याने ते फुगतं आणि फटी मिटतात. यात काही गूढ नाही. ज्याला तहान म्हणजे काय हे ठाऊक आहे त्याला हे कळतं.

खजूर भरून आम्ही दूर दूर जात असू. मलबारहून पुढे गेल्यावर नारळीची बेटं लागत. इतकी सखल, की आधी झाडं दिसत आणि मग जमीन. आता तुम्ही विचाराल, तिथले लोक तुमच्या स्वागताला नाचले का? नाही नाचले. त्यांना कामं होती. एक बाई माशाचे तुकडे उन्हात मांडत होती, तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. म्हातारे आमच्या खजुराला नाक मुरडत आणि काथ्याचे दोर देताना तासन् तास हुज्जत घालत. गावात कुणी वारलेलं असलं तर आम्हाला किनाऱ्यावर उतरू देत नसत. आम्ही नांगर टाकून मुकाट्याने थांबत असू. कुणी आमच्यासाठी गाणं म्हटल्याचं मला आठवत नाही. रात्री त्यांचं त्यांचं गाणं चाले, ते पाण्यावरून ऐकू येई, आणि आमचे खलाशी ते ऐकत डेकवर पडून राहत. ते ऐकलं म्हणून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पुढे मला इंजिन बसवलं. पुढे लोखंडी जहाजं आली आणि मी एका कोपऱ्यात पडून राहिले. आखाती युद्धात शेजारच्या लाँचा जळाल्या. मी उरले, कारण जाळण्याइतकीही किंमत मला कुणी दिली नाही. मग फार वर्षांनी बू सालेमना आजोबांची आठवण झाली. माणसांना आजोबांची आठवण साधारणपणे स्वतःचे केस पांढरे झाले की होते.

आणि मग आले शैलेशराव. त्यांनी मला चकचकीत तपकिरी रंग फासला. डोलकाठीला दिव्यांच्या माळा गुंडाळल्या. प्लास्टिकची दोन नारळाची झाडं डेकवर स्क्रूने बसवली. माझ्या सागात स्क्रू! फळ्यांवर समुद्राचं पाणी मारायला त्यांनी बंदी केली.

"मिठाचे पांढरे डाग पडतात हो," ते रंगाऱ्याला म्हणाले. "फोटोत फार घाण दिसतात. गाडी धुतात ना, तो शाम्पू आणि गोडं पाणी मार."

म्हणजे अख्खा उन्हाळा मी कुवेतच्या उन्हात अंगाला शाम्पू लावून उभी. माझ्या वरच्या फळ्या अशा वाळल्या, की फटींतून पलीकडचा धक्का दिसू लागला. शैलेशरावांनी त्या फटींवरून आणखी एक रंगाचा हात फिरवला.

सहलीचं नाव होतं, 'दुर्गम उष्ण बेटं आणि त्यांची पारंपरिक संस्कृती'. आता खैरानपुढच्या समुद्रात पोवळ्याची लहान बेटं आहेत, हे खरं. पांढरी वाळू, हिरवं पाणी आणि पक्षी. पण माणूस एकही राहत नाही. मग पारंपरिक संस्कृती कुणाची दाखवायची? पक्ष्यांची? शैलेशरावांना ही अडचण वाटलीच नाही. त्यांनी फहाहील वस्तीतल्या एका खोलीत दाटीवाटीने राहणारी कोकणातली माणसं गाठली. कुणी एसीचे पाइप जोडणारा, कुणी फरशा बसवणारा. शुक्रवारी त्यांना सुट्टी. शैलेशरावांनी त्यांना पॅकिंगच्या हिरव्या पट्ट्यांचे झगे कमरेला नेसवले, तोंडाला भिंतीचा पांढरा रंग लावला आणि म्हणाले, "तुम्ही बेटावरचे. मराठीत एक शब्द बोलायचा नाही. फक्त हुगा हुगा."

मी कित्येक बेटं पाहिली आहेत. असा झगा नेसलेला आणि हुगा हुगा करणारा माणूस मी एकाही बेटावर पाहिलेला नाही.

ऑक्टोबरातली पहिली सहल. बू सालेम स्वतः आले होते, मोसम चालतो का ते बघायला. डोलकाठीखाली खुर्ची टाकून, हात छातीशी बांधून बसले होते. पाहुणे सगळे अबू हलीफा वस्तीतली मराठी मंडळी. बँकेतले सुधीर, त्यांची बायको चित्रा, मुलगी क्षितिजा, आणि वेंगुर्ल्याकडून तीन महिन्यांसाठी आलेल्या सुधीरच्या आई रत्नमालाबाई. सगळ्यांनी चकल्या आणि चिवडा आणला होता. रिकाम्या पिशव्या कुठे टाकायच्या हा प्रश्न त्यांना फार वेळ पडला नाही. त्या डेकच्या झाकणातून माझ्या पोटात गेल्या.

बेटाजवळ नांगर टाकला. शैलेशराव माईकमध्ये बोलले, "आता आपल्या स्वागताला बेटावरचे मूळ रहिवासी येत आहेत. कृपया त्यांना खायला देऊ नका."

डाव्या अंगाने एक छोटी होडी आली. होडीत चार झगेवाले.

क्षितिजा आजीच्या कानात म्हणाली, "आजी, आर दे रिअल?"

रत्नमालाबाईंनी चष्मा पुसला. पुढच्या झगेवाल्याकडे टक लावून पाहिलं आणि कठड्यावरून ओरडल्या, "अरे म्हादेवा! ह्या काय रे नेसलंस?"

होडीतलं हुगा हुगा जागच्या जागी थांबलं. महादेवने आधी खाली पाहिलं, मग झगा गुडघ्यांवर ओढला. झगा तेवढा लांब नव्हता.

"काकी, हळू बोल गो," तो म्हणाला.

"हळू काय? तुझी आवस गावभर सांगत फिरता, माझो झील कुवेतात मोठो फिटर आसा म्हणान. तिणी बघल्यान तर?"

"फिटरच आसंय! ह्या फक्त शुक्रवारचा."

"आणि तोंडाक काय फासलंस? चुनो?"

"डिस्टेंपर," महादेव पुटपुटला.

एवढं झाल्यावर कोण जागेवर बसतं! उजव्या अंगाचे सगळे मोबाईल घेऊन डाव्या अंगाला धावले. आपल्या गावचा माणूस रंगेहाथ सापडला ही गोष्ट कुठल्याही बेटापेक्षा बघण्यासारखी असते. मी डावीकडे कलले. ज्या फळ्या उन्हाळाभर पाण्याबाहेर वाळत होत्या त्या पाण्याखाली गेल्या, आणि रंगाचा पापुद्रा फुटून प्रत्येक फटीतून पाणी आत आलं.

पंप सुरू केला. पंपाने एक चकलीची पिशवी ओढली आणि गचका देऊन बंद पडला.

माझ्या पोटात पाणी गुडघाभर झालं तेव्हा कुणीतरी विचारलं, "हे पॅकेजमध्ये आहे का?" बू सालेम खुर्चीतून उठून खाली गेले, पाण्यात उभे राहिले आणि वर तोंड करून गरजले, "खलास! सिमेंट! कल से सिमेंट!"

मी तुम्हाला खरं सांगते, त्या क्षणी मला सिमेंट आठवलंही नाही. लहान मुलं होती माझ्यावर. मी इतक्या समुद्रांतून माणसं परत आणली आणि आता चकल्या खाणाऱ्यांना किनारा दिसत असताना बुडवणार, याची मला लाज वाटत होती.

रत्नमालाबाईंनी शैलेशरावांच्या हातातला माईक घेतला.

"मेल्यांनो, एका कुशीक काय जमलात? होडयेत कधी बसलात नाय? त्या अंगाक व्हा सगळे! सुधीर, तो मोबाईल खिशात घाल, नायतर समुद्रात टाकतंय!"

सुधीर बँकेत पंचवीस माणसांवर साहेब आहेत. त्यांनी मोबाईल खिशात घातला. सगळे उजवीकडे गेले. मी सावकाश सरळ झाले, वाळक्या फळ्या पाण्याबाहेर आल्या आणि पाणी यायचं थांबलं. झगेवाले वर चढले. बर्फाच्या बादल्या रिकाम्या करून त्यांनी माझ्या पोटातलं पाणी उपसलं. झग्यांच्या पट्ट्या तुटून पाण्यावर तरंगत होत्या. क्षितिजाही बादली पुढे देत होती, आणि चित्राने आपली ओढणी महादेवच्या कमरेला गुंडाळायला दिली. त्याने ती लगेच दोन वेढे देऊन गुंडाळली.

परत येताना रत्नमालाबाईंनी माझ्या फळीवर तळवा ठेवला. किती वर्षांनी कुणी मला फोटोसाठी नाही तर नुसता हात लावला!

"हिच्या अंगाक कधी खारां पाणी मारलंस?" त्यांनी शैलेशरावांना विचारलं. "आमचो मचवो पण रोज भिजवत. लाकूड तां. तहानता."

शैलेशराव ऐकत होते. मला वाटलं, लाज वाटली असेल. मी किती वर्षांची झाले तरी माझी समजूत भोळीच.

कारण आठवड्याभरात काय झालं, ऐका. पाहुण्यांनी इंटरनेटवर लिहिलं, 'जिवावर बेतलेला अस्सल अनुभव.' 'आजींचा अभिनय अप्रतिम.' एकाने तर लिहिलं, की बेटकऱ्यांची भाषा मालवणीशी फार मिळतीजुळती आहे, यावर संशोधन व्हायला हवं. डिसेंबरपर्यंतचे सगळे शुक्रवार भरले. बू सालेमनी खड्ड्याकडे पाहिलं, मग गर्दीकडे पाहिलं आणि म्हणाले, "अच्छा. पानी में."

अशी मी वाचले. जे मूर्खपण मला बुडवायला निघालं होतं, त्यानेच मला वाचवलं. मला कुणाचे आभार मानावे ते कळत नाही, म्हणून मी मानत नाही.

झगे आता बंद झाले. महादेव पँट घालून येतो. शैलेशरावांनी नवा कार्यक्रम काढला आहे, 'नाखव्याचा जलविधी'. निघण्याआधी प्रत्येक पाहुण्याला दोरी बांधलेली एक बादली मिळते. समुद्रातून पाणी ओढायचं, डोळे मिटायचे आणि माझ्या फळ्यांवर ओतायचं. माईकवर कसला तरी मंत्रही वाजतो. असा मंत्र कुठल्याही नाखव्याने कधी म्हटला नाही. आजोबा तर पाणी मारताना शिव्या देत असत. लोक भक्तिभावाने ओततात, फोटो काढतात आणि कपडे भिजले म्हणून तक्रार करतात. "मॅडम, जरा वरच्या फळीवर," महादेव म्हणतो. "फोटो झाला? आता आणखी एक."

हे सगळं ढोंग आहे, मित्रांनो, आणि मी ते ढोंगच म्हणणार. पण पाणी खारं आहे. माझ्या फटी मिटत चालल्या आहेत. लाकडाला मंत्र कळत नाही, ओल कळते.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंवर, जुन्या माणसांवर तुमचं फार प्रेम आहे, असं तुम्ही सांगत फिरता. मला त्यावर विश्वास ठेवायचा नाही, आणि त्यांनाही ठेवायचा नसेल. तुमचं प्रेम तुमच्यापाशी ठेवा. रोज सकाळी जे लागतं ते करा, मनात आलं नाही तरी करा, तोंड वाकडं करून करा. खैरानला आलात तर मला छान म्हणू नका. बादली उचला. आणि वरच्या फळीपर्यंत पोचत नसाल तर टाचा उंच करा.