हेदवाडीचं नवं पाणी

मी पोकलेन चालवतो. पंधरा वर्षं झाली. गाव माझं निमगाव सावा, मशीनचा मालक आळेफाट्याचा, आन मशीन जिथं जाईल तिथं मी. नाव दादाभाऊ. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, तू काय भूगोलाचा मास्तर हायेस का? नाय बाबा. पण माती मला कळती. माणसं कळत नायीत, ती गोष्ट येगळी.

माझी धाकटी बहीण अश्विनी आंबेगाव तालुक्यात दिलीय, घाटाच्या अंगाला, हेदवाडीला. डोंगराच्या उतारावर बावीस घरं. तीन वर्षांमागं वाडीनं ठरवलं, वरची झाडी काढायची आन तिथं भाताची खाचरं करायची. अश्विनीचा नवरा रुपेश, म्हंजे आमचे दाजी, म्हणाले, "भायेरचा ऑपरेटर कशाला? घरचा माणूस हाय की!" झालं, मी मशीन घेऊन गेलो. अकरा दिवसांत डोंगर बोडका केला. हिरडा, जांभूळ, ऐन, करवंदीच्या जाळ्या, काय काय म्हणून ठेवलं नाय. मोठे बुंधे उपटत बसलो नाय, त्यांच्यावरनं माती ओढली आन मोकळा झालो. खोटं कशाला बोलू, लई भारी वाटलं व्हतं मला. मशीनवर उभा राहून फोटो काढला, स्टेटसला टाकला.

भात झकास आला. पण वाडीचा झरा, जो आधी चैत्रापर्यंत वाहायचा, तो संक्रांतीलाच आटायला लागला. अश्विनीची सासू बयाबाई म्हणायची, देवाची करणी. बाया डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरायच्या. माझी सात वर्षांची भाची वैष्णवी, ती पण छोटी कळशी घेऊन जायची. मी गेलो की तिचा हात बघायचो, तळव्याला घट्टे पडले व्हते. वाईट वाटायचं. पण झऱ्याचा आन माझ्या मशीनचा संबंध हाय, हे डोक्यात आलंच नाय माझ्या.

या श्रावणात आठ दिवस पाऊस नुसता कोसळत व्हता. नवव्या दिवशी उघडीप पडली आन सकाळीच अश्विनीचा फोन.

"दादा, पाणी फुटलं! आपल्या घराच्या मागं, दरडीतून! आपोआप! आज पूजा हाय, तू पायजेच."

मी मोटरसायकलला किक मारली. वाटभर मी पण खुश. म्हटलं, पोरीची कळशी सुटली.

वाडीत गेलो तर लग्नघर वाटावं असा थाट. दरडीला आंब्याची डहाळी बांधलेली, दगडाला हळदीकुंकू, बायांची हंडे-कळश्यांची रांग. बयाबाईनं मला पुढं ओढलं, टॉवेल-टोपी दिली, हातात नारळ ठेवला.

"पावणं, तुमच्या हाताला गुण हाय. तुमी डोंगर मोकळा केला, म्हणून गंगा आली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नारळ फोडला आन वाकून वंजळीत पाणी घेतलं.

पाणी चहाच्या रंगाचं व्हतं. वंजळीच्या तळाला खडी बसली.

आता हे आमच्या धंद्यातलं. कापलेल्या दरडीतून गढूळ पाणी झिरपायला लागलं की ऑपरेटर आधी मशीन मागं घेतो, मग मालकाला फोन करतो. आतून माती सुटलेली असती, म्हणून पाणी गढूळ. शेंबड्या हेल्परला पण हे ठाऊक असतं. 

कुणाला काय न बोलता मी वर चढलो. तिसऱ्या खाचराच्या वरच्या बाजूला गवतात भेग सापडली. आडवी, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. हात घातला तर कोपरापर्यंत गेला. आत एक मूळ लागलं, जांभळीचं असंल, मनगटाएवढं जाड. ओढलं तर भुसा झाला हातात. तेव्हा माझ्या डोस्क्यात उजेड पडला. वर झाड नसलं तरी खाली मुळं तीन पावसाळे डोंगर धरून व्हती. आता ती कुजली. आता डोंगराला धरणारं कोणी नव्हतं.

धावत खाली आलो, दाजींना बाजूला घेतलं. "दाजी, पूजा बंद करा. सगळ्यांना सडकेच्या पलीकडं न्या, आत्ताच्या आत्ता. डोंगर सुटलाय."

"काय राव भाऊ," दाजी हसले. "पयल्यांदा दारात पाणी आलंय. आज नाट लावू नका."

"अहो, हे झऱ्याचं पाणी नाय! मीच वाट लावलीय डोंगराची. मुळं कुजलीत, चला, भेग दावतो!"

"जेवणं झाल्यावर बघू. पुरणाचा बेत हाय."

मग माझं टाळकं फिरलं. मी सगळ्यांसमोर ओरडलो, शिव्या दिल्या, टोपी फेकली. म्हणालो, माझी चूक हाय, मला जोड्यानं मारा, पण आधी इथनं निघा. कोणीतरी म्हणालं, पावण्यांनी सकाळीच लावलेली दिसतीय. हशा पिकला. बयाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, तिला अपमान वाटला. अश्विनी माझा दंड धरून म्हणाली, "दादा, माझ्या सासरी असं नको रं करू." तिच्या तोंडाकडं बघवेना. मी गप झालो. गप झालो, हे माझं दुसरं पाप.

बाया पाणी भरायला लागल्या. चार-पाच हंडे भरले असतील, तोच धार बारीक झाली. मग थेंब. मग तेवढंही नाय.

वाहतं पाणी असं एकदम थांबलं, म्हंजे आत काहीतरी सरकून वाट बुजली. आता सगळं पाणी डोंगराच्या पोटात तुंबणार.  आन ही माणसं? "वर दगड आडवा आला असंल, चला बघू," म्हणत चार गडी टिकाव घेऊन वर निघाले. त्यांच्या मागं बाया. बायांच्या मागं पोरं.

समजावून ऐकंनात, शिव्यांनी ऐकंनात. मग मला जे सुचलं ते मी केलं. जीव खाऊन बोंब मारली.

"बिबट्या! वर बिबट्या! पळा!"

मला वाटलं, खाली पळतील, सडकेकडं. पण आमच्या जुन्नर-आंबेगावात बिबट्या म्हटल्यावर माणूस काय करतो? घरात शिरतो आन कडी घालतो. पोरं आत, मग जनावरं आत. दुधपित्या लेकरालाही आमी हेच शिकवतो. आन मी इथलाच असून मला त्या घडीला हे आठवू नये?

गडी टिकाव टाकून पळाले. बाया हंडे टाकून पळाल्या. धाडधाड दारं लागली, एकामागं एक, बावीस घरांची. मी वरच्या आळीत दारांवर लाथा घालत सुटलो. "बिबट्या नाय! भायेर या! डोंगर येतोय!" आतून दाजींचा आवाज आला, "भाऊ, येडे का तुमी, आत या आधी!" त्यांनी दार उघडलं नाय. शेजारच्या घरात घुसले व्हते ते.

तेवढ्यात खाली सडकेजवळ अश्विनी दिसली. खुंट्याची शेळी सोडत व्हती. मी तिच्याकडं पळालो.

"वैष्णवी कुठं?"

"घरात हाय, आजीजवळ. नको काळजी करू दादा, मी भायेरनं कडी घातलीय. पोर उघडून भायेर यायची नाय."

मला धीर देत व्हती ती.

मी वर वळलो. दहा-बारा पावलं गेलो असंन, तोच डोंगर आला.

आवाजाचं मी सांगणार नाय. सगळं थांबल्यावर वाडीच्या जागेवर लाल माती व्हती. दाजी, बयाबाई, वैष्णवी, कोणी राहिलं नाय. वाचलो आमी दोघं आन ती शेळी.

अश्विनी आता माझ्याकडं निमगावला असती. जेवती, कामं करती. कोणी भेटायला आलं की सांगती, "दादानं बिबट्या बघितला म्हणून मी शेळी सोडायला खाली आले, नायतर मीही गेले असते. मुक्या जनावराला आधी कळतं हो. त्यो आमाला सांगायला आला व्हता."

मी दारावर ओरडलो ते तिला ऐकू गेलं नव्हतं. ज्यांना गेलं त्यांच्यातलं कोणी उरलं नाय. तुमाला सांगितलं, तिला सांगायची छाती नाय माझी.

परवा भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "दादा, केवढा व्हता रं त्यो?"

"लई मोठा व्हता," मी म्हणालो.

तिनं पिठाचे हात जोडले.